उणे अकरा

आमच्या घरी रक्तदाबाची एक वही आहे. गेल्या जुलैपासून तिच्या मागच्या पानांवर मी इंटरनेटचा वेग लिहायला लागलो. सकाळी सात : ९१. दुपारी दोन : ६४. रात्री नऊ, पाऊस चालू : ११. त्यापुढे शेरा, 'मुलीची मीटिंग तुटली. मला बोलली.'

नेट टीव्हीच्याच केबलमधून येतं; प्लॅन १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट. पहिले आठ दिवस मी भलत्याच कारणानं चिडलो होतो. एखादी फाइल उतरवताना स्क्रीनवर बाराचा आकडा दिसायचा. शंभराचे पैसे घेऊन बारा! अठ्ठावीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला ही तफावत पचणार कशी? मग मुलगी म्हणाली, "बाबा, ते बारा मेगाबाइट. प्लॅन मेगाबिटचा. आठानं गुणा." गुणलं. शहाण्णव. एवढी तयार केलेली तक्रार हातची गेली, याचं वाईट वाटलं.

रात्री नऊचा अकराचा आकडा मात्र एमबीपीएसमधलाच होता. मुलीच्या सूचनेवरून वायफाय सोडून लॅपटॉपला वायर जोडली आणि मोडेमशेजारी फरशीवर मांडी घालून पुन्हा टेस्ट घेतली. अकराच. शिवाय गुडघा धरला.

कंपनीला फोन लावला की पलीकडची मुलगी विचारायची, "सर, मोडेम बंद करून चालू केलात का?" पाचव्या वेळी मीच तिला विचारलं, "तुम्ही केलात का?"

मोडेम आपली प्रकृती आपणच सांगतो, हे मला तेव्हा कळलं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की तक्ता उघडतो. आमच्या मोडेमची डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद, होती उणे अकरा डीबीएमव्ही. आधी वाटलं, कंपनीच आपल्याकडून काही येणं दाखवतेय. वाचल्यावर समजलं की उणे सात ते अधिक सात चांगलं, आणि शून्य आलं तर फारच छान. ही पद्धत आमच्या शाळेत असती तर गणितात मी पहिला आलो असतो.

अपस्ट्रीम, म्हणजे मोडेम कंपनीकडे सिग्नल पाठवतो त्याची ताकद, ५२. पन्नाशीच्या आत असेल तर बरं. पन्नाशी ओलांडली म्हणजे मोडेम पलीकडे ऐकू जावं म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडतोय. (आमचे आजोबा नागपूरला ट्रंक कॉल लावून असंच बोलायचे. फोन नसता तरी चाललं असतं.) लॉगमध्ये ओळीनं 'टी-थ्री टाइमआउट'. म्हणजे हाक मारली, ओ आली नाही. मला त्या डबीबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

खाली दोन रकाने होते : दुरुस्त झालेल्या चुका आणि दुरुस्त न होणाऱ्या चुका. ही चष्मा लावून मागे उभी होती. म्हणाली, "अहो, दुसरा रकाना तुमचाच दिसतोय."

आकडे हाती आल्यावर माझा फोनवरचा आवाज बदलला. 'नेट स्लो आहे' म्हणणं मी सोडून दिलं. "तुमची अपस्ट्रीम बावन्न आहे, याची लाज वाटत नाही?" असं म्हणू लागलो. दुसऱ्याच दिवशी माणूस आला.

माणूस कसला, विशीतला पोरगा. ओला रेनकोट आणि गळ्यात सिग्नल मीटर. मी वही पुढे केली. त्यानं पहिलं पान उघडलं आणि म्हणाला, "काका, बीपी जास्त आहे." मग गच्चीवरच्या ॲम्प्लिफायरपासून तो मीटर लावत लावत खाली आला. गच्चीत सिग्नल ठीक, जिन्यात ठीक, आमच्या दारात ठीक. शोकेसमागे हात घातला आणि धुळीनं माखलेला, तीन तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या तीन वाटा करणारी डबी, बाहेर ओढला.

"हा कोणी लावला?"

मी पंख्याकडे पाहिलं. "यांनीच," ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "वर्ल्ड कपच्या वेळी. बेडरूमच्या टीव्हीसाठी."

पोरानं समजावून सांगितलं. सिग्नलची घट डीबीत मोजतात; या स्प्लिटरच्या एका तोंडाला साडेतीन डीबी कमी होतात, उरलेल्या दोघांना सात-सात. साडेतीनवाल्या तोंडाला मी टीव्ही लावला होता; मोडेमला सातचं दिलं होतं. सात डीबी म्हणजे रुपयातले वीस पैसे पोचणार. बँकेच्या भाषेत अपहार, आणि तोही आतल्याच माणसानं केलेला. "रात्री लोड असतोच काका," तो म्हणाला, "पण तुमचा सिग्नल आधीच मेलेला."

त्यानं वायर सरळ मोडेमला जोडली. उणे चार. अपस्ट्रीम पंचेचाळीस. रात्री नऊला ७८. मुलगी खूश.

बेडरूमचा टीव्ही मात्र काळा पडला. हॉलमधल्या टीव्हीला पोरानं वेगळी वायर आणून दिली, पण तिथे रात्री हिची मालिका असते. म्हणून मी आता मोबाइलवर, त्याच सुधारलेल्या इंटरनेटवर मॅच बघतो. चित्र स्वच्छ, कुठे अडकत नाही. फक्त शेजारचे जोशी त्यांच्या टीव्हीसमोर "आउट!" म्हणून ओरडतात, तेव्हा माझ्याकडे बोलर अजून रनअपला चाललेला असतो.

किती सेकंदांचा फरक पडतो, ते वहीत लिहायला घेतलंय.