स्कॉटने लोकगीतं घरी बसून लिहिली म्हणे!

माझी भाची एम.ए.च्या प्रकल्पासाठी जात्यावरच्या ओव्या गोळा करतेय. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, मग ही सगळी संकलनं खोटीच असतात का?’ मजकूर असा: कवी-कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने स्कॉटलंडची लोकगीतं स्वतः रचून लोकांच्या नावावर खपवली, टार्टन हे तिथलं चौकटींचं कापडही त्यानेच काढलं, राजापुढे लाळ घोटून ‘सर’ झाला आणि चैनीत पैसा उडवून, कर्ज बुडवून मेला. इतकं धादांत खोटं एका दमात लिहिणाऱ्याने एकदा तरी सनावळी बघायची होती.

लोकगीतांचं आधी, कारण नुकसान तिथेच होतं. स्कॉटचा जन्म 1771 चा, त्याचा ‘मिन्स्ट्रेल्सी ऑफ द स्कॉटिश बॉर्डर’ हा संग्रह 1802-03 चा. त्यातलं ‘सर पॅट्रिक स्पेन्स’ हे गाणं थॉमस पर्सी या इंग्रज संग्राहकाने 1765 मध्येच छापलं होतं. जन्माआधी सहा वर्षं स्कॉटने ते रचलं कसं? स्कॉटलंडमधल्या फॉल्कलंड गावच्या मिसेस ब्राउन यांना लहानपणी घरातल्या बायकांकडून ऐकलेली कितीतरी गाणी तोंडपाठ होती. ती 1783 च्या सुमारास उतरवली गेली, तेव्हा स्कॉट बारा वर्षांचा पोरगा होता. पुढे त्याने तीच हस्तलिखितं वापरली.

आणि मार्गारेट लेडलॉ. कवी जेम्स हॉगची आई, एट्रिक खोऱ्यातली. हॉगने लिहून ठेवलंय की तिने स्कॉटला तोंडावर सुनावलं: ही गाणी म्हणायची होती, वाचायची नव्हती, तुम्ही छापून त्यांची जादू घालवलीत, आता ती कुणी म्हणणार नाही, आणि छापलीत तीही धड नाहीत. गाणी स्कॉटने रचलेली असती तर ती चुकीची छापली हे या बाईला कळलं कुठून?

आता जे खरं आहे ते मान्य करतो. स्कॉटने हात फिरवला. दोन-चार पाठ एकत्र जोडले, तुटलेल्या जागी ओळी घातल्या. हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्डने 1882 ते 1898 दरम्यान 305 बॅलड, म्हणजे कथागीतं, पाठभेदांसकट छापले, स्कॉटच्या अ‍ॅबट्सफर्डच्या घरातले कागदही तपासले. ‘किनमाँट विली’ या गीतात स्कॉटने गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती केली असावी, असा संशय त्याने स्पष्ट नोंदवलाय. पण गीत संग्रहातून काढून टाकलं नाही. भाचीला मी एवढंच सांगितलं: प्रत्येक ओवी म्हणणारीच्या नावासकट वेगळी लिही, दोन पाठ जोडू नकोस आणि काम थांबवू नकोस.

टार्टनवर तर 1746 च्या कायद्याने बंदी आली होती, ती 1782 मध्ये उठली. स्कॉट तेव्हा अकरा वर्षांचाही नव्हता. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज भेटीला आला तेव्हा स्कॉटने साऱ्या एडिंबरोला टार्टनमध्ये मिरवलं, हे खरं. तो राजनिष्ठ होता, हेही खरं. पण 1813 मध्ये देऊ केलेलं राजकवीपद त्याने नाकारलं होतं; बॅरोनेट, म्हणजे ‘सर’, झाला 1820 मध्ये, साऱ्या युरोपात वाचला जात असताना.

कर्जाचा आरोप सगळ्यात संतापजनक. अ‍ॅबट्सफर्डवर त्याने वारेमाप खर्च केला, छापखान्यातली भागीदारी लपवली, हे कबूल. 1826 मध्ये प्रकाशक आणि छापखाना एकदम बुडाले आणि एक लाख वीस हजार पौंडांच्या वर देणं त्याच्या अंगावर आलं. दिवाळखोरी जाहीर करून सुटता आलं असतं. त्याने नकार दिला, मालमत्ता विश्वस्तांच्या हवाली केली आणि लिहीत सुटला. त्याच वर्षी बायको गेली. पुढच्या वर्षी नेपोलियनचं नऊ खंडांचं चरित्र आलं. नंतर पक्षाघाताचे झटके आले, तरी लेखणी थांबली नाही. 1832 मध्ये तो गेला तोवर मोठा हिस्सा फिटला होता; उरलेलं देणं त्याच्याच पुस्तकांच्या हक्कांतून फेडलं गेलं.