महागडी लेन्स टाकली म्हणजे चष्मा सुटला?

ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर मोतीबिंदूबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. आशय असा: मोतीबिंदू पूर्ण पिकू द्यावा, मग तो लेसरनेच काढावा, सर्वांत महाग लेन्स टाकली की चष्मा कायमचा सुटतो, आणि पुढे पुन्हा धूसर दिसू लागले तर मोतीबिंदू परत आला समजावे. चारही विधाने चुकीची आहेत. तिसऱ्यामुळे तर उत्तम झालेल्या शस्त्रक्रियेनंतरही माणसे नाराज होतात.

‘पिकू द्या.’ डोळ्यात लेन्स बसवत नसत, त्या काळातला हा सल्ला. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर +१० च्या आसपासचा जाड चष्मा लागे, म्हणून नजर अगदी जाईपर्यंत थांबत. आज फेको या नेहमीच्या शस्त्रक्रियेत २.२ ते २.८ मिलिमीटरच्या छेदातून डोळ्यातले गढूळ झालेले मूळ भिंग ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात. भिंग जितके कडक, तितकी ऊर्जा जास्त लागते आणि कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) आतल्या थरातल्या पेशी तितक्या अधिक मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. फार पिकलेले भिंग फुगून काचबिंदूही होऊ शकतो: डोळा लाल, असह्य ठणका, उलट्या. समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपू लागले, जिन्याची शेवटची पायरी चुकू लागली, गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव चष्म्यानेही वाचता येईना, की वेळ झाली.

‘लेसरनेच करा.’ लेसर छेद देतो, भिंगाचे वेष्टण गोल कापतो, भिंगाला चिरा पाडतो. उरलेले काम फेकोच्या यंत्रानेच करावे लागते. फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांत लेसरवाल्यांची नजर साध्या फेकोपेक्षा सरस ठरली नाही.

‘महाग लेन्स, चष्मा कायमचा सुटतो.’ साधी मोनोफोकल लेन्स एकाच अंतरासाठी असते. बहुधा दूरचे अंतर धरतात, म्हणून वाचायला साधारण +२.५ चा चष्मा लागतो. हे आधी सांगितले नाही, तर रुग्णाला शस्त्रक्रिया फसली असे वाटते. मल्टिफोकल लेन्स येणारा प्रकाश दूर आणि जवळ असा वाटून देते. त्याची किंमत रात्री मोजावी लागते: दिव्यांभोवती वलये दिसतात, फिकट रंगांतला फरक कमी कळतो. मधुमेहाने डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) खराब झालेला असेल किंवा काचबिंदू असेल, तर हा फरक कळण्याची क्षमता आधीच घटलेली असते. अशा डोळ्यात ही लेन्स टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिरपा (सिलिंड्रिकल) नंबर घालवणारी टोरिक लेन्स खरोखर उपयोगी, पण ती १ अंश फिरली की परिणाम सुमारे ३ टक्के घटतो आणि ३० अंशांवर जवळजवळ संपतो.

लेन्सच्या किमतीपेक्षा मोजमाप महत्त्वाचे. डोळ्याची लांबी मोजताना १ मिलिमीटरची चूक झाली, तर नंबर अडीच ते तीनने चुकतो. डोळे कोरडे असतील तर कॉर्नियाच्या वक्रतेचे आकडेही फसवे येतात. आधी काही आठवडे कृत्रिम अश्रूंचे थेंब घालून पुन्हा मोजून घ्यावे.

आणि सवय विचारावी! उणे ३ नंबर असलेल्या आजी जन्मभर चष्मा काढून पोथी वाचत आल्या, सुईत दोरा ओवत आल्या. त्यांना दूरचे ६/६ दिले, तर डोळे तपासण्याच्या तक्त्यावर सगळे उत्तम आणि घरी हातातली पोथी धूसर. अशांना मुद्दाम उणे २ ते २.५ ठेवणे बरे, दूरसाठी चष्मा वापरता येतो. म्हणूनच नजरेच्या अभ्यासांत तक्त्यासोबत व्हीएफ-१४ सारख्या प्रश्नावल्या वापरतात. त्यांत वाचन, पायऱ्या, स्वयंपाक, गाडी चालवणे अशा रोजच्या कामांबद्दल विचारतात. पहिला डोळा झाल्यावर दोन डोळ्यांच्या नंबरांत ३ च्या आसपास फरक पडला, तर अंतराचा अंदाज चुकतो, डोके जड होते. दुसरा डोळा फार लांबवू नये, तो यासाठी.

‘परत आला.’ काढलेले भिंग परत येत नाही. लेन्स मूळ भिंगाच्या वेष्टणाच्या ज्या पिशवीत बसवतात, तिचा मागचा पापुद्रा काहींच्या बाबतीत गढूळ होतो. याग लेसरने त्यात मधोमध खिडकी पाडतात. काही मिनिटांचे काम, छेद नाही.

मजकुरात नसलेल्या दोन गोष्टी मात्र घरच्यांनी लक्षात ठेवाव्यात. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी घेतले असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे: शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली आकसते, तिच्याभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडून छेदाकडे येतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बंद केल्यानेही हा धोका जात नाही, पण कल्पना असली की सर्जन तयारीत असतो. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यात दुखणे वाढले, लाली वाढली, आलेली नजर उतरू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळा दाखवावा. आत जंतुसंसर्ग असेल तर तासांवर नजर ठरते.