गृह आधार हा सांभाळणाऱ्या बाईचा पगार नव्हे!

मागच्या रविवारी डिचोलीला आत्याकडे गेलो, तेव्हा ती सांभाळणाऱ्या बाईच्या पगाराचे पैसे मोजत बसली होती. सोळा हजारांतले दीड हजार काढून तिने उशीखाली सारले होते. विचारलं तर म्हणाली, ‘अरे, ते आता सरकार देतं तिला. हे बघ.’ आणि मोबाईल पुढे केला.

व्हॉट्सॲपवरचा तो मजकूर तुम्हालाही आला असेल. मला तर त्यानंतर आणखी तिघांनी पाठवला. वर हसऱ्या गोऱ्या नर्सचा फोटो, खाली पाच मुद्दे. घरच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या बाईचा पगार म्हणे आता गोवा सरकार देणार. गृह आधार योजनेचे महिन्याचे 1500 तिच्यासाठीच असतात, तेवढे पगारातून वजा करा. ‘दयानंद’ योजनेचे पैसेही तिच्या खात्यात वळवून घ्या. उरलेला खर्च आयुष्मान कार्डावर टाका. नाहीतर आयकरातून परत मिळवा. कायद्यातच काळजीवाहू भत्ता लिहिलेला आहे. शेवटी अर्थातच ‘दहा जणांना पाठवा’.

पहिल्या मुद्द्यानेच माझं डोकं फिरलं. नावात ‘गृह’ आहे आणि ‘आधार’ आहे, म्हणून घरात आधार देणाऱ्या बाईचा पगार? मग ‘कदंब’ या आपल्या सरकारी बसला झाड समजायचं का? गृह आधार ही 2012 पासूनची योजना. महागाईत घर चालवणाऱ्या गृहिणीच्या हातात थोडे पैसे पडावेत म्हणून महिला व बालविकास खातं ते देतं. अट आहे ती बाईच्या स्वतःच्या कुटुंबाच्या उत्पन्नाची, वर्षाला तीन लाखांपर्यंत. शिवाय गोव्यात 15 वर्षं वास्तव्य हवं. ती कोणाकडे कामाला जाते, कोणाचा रुग्ण सांभाळते, याच्याशी या पैशांचा काडीचा संबंध नाही.

आत्याकडे येणारी बाई सत्तरी तालुक्यातली. तिला गृह आधार मिळतो, तो तिच्या चुलीसाठी. सकाळी आठच्या आत ती हजर. आतोबांची डावी बाजू अर्धांगवायूने गेलेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. ती त्यांच्याखालची चादर दोन्ही हातांनी धरते, ‘भाऊ, आता खिडकीकडे हां’ म्हणत एका झटक्यात वळवते. पेज भरवताना प्रत्येक चमच्यानंतर गिळलं की नाही ते गळ्याकडे बघून ठरवते. हे मी करून पाहिलंय. दुसऱ्याच दिवशी माझी कंबर धरली. आणि तिच्याच घरच्या दीड हजारांवर आपण डल्ला मारायचा, तोही सरकारच्या नावाने! आत्याला मी हे जरा जोरातच बोललो, त्याचं वाईट वाटतं. पण मजकूर लिहिणाऱ्याला काहीच वाटलं नसेल.

‘दयानंद’चं सांगायला फार वेळ नको. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं अर्थसाहाय्य ज्येष्ठ, दिव्यांग, निराधार अशा लाभार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात येतं. त्यातून कोणी बाईचा पगार भागवला तर कोणी अडवत नाही. पण शेजारच्या आजींना ज्येष्ठ म्हणून महिन्याला 2000 येतात. सोळा हजारांच्या पगारात ते कुठे पुरायचे?

आयुष्मान कार्ड आणि आपल्या गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, दोन्ही इस्पितळातल्या उपचारांसाठी. सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं पाच लाखांचं संरक्षण ऑक्टोबर 2024 पासून आहे, हे खरं. पण ते दाखल झाल्यावर. घरी आल्यावर पंधरा दिवसांचा औषधपाण्याचा खर्च त्यात बसतो, बाईचा पगार नाही. आयकराचंही तसंच. जुन्या करपद्धतीत दिव्यांग अवलंबितासाठी वजावट मिळते, म्हणजे तेवढ्या उत्पन्नावर कर लागत नाही. पगार कोणी परत करत नाही. फोटोतली नर्स अमेरिकेतली असावी. तिथे मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेतून कमी उत्पन्नवाल्यांना घरच्या मदतनिसासाठी पैसे मिळतात, काही राज्यांत तर नातेवाइकांनाही. ते उचलून इथे चिकटवलेलं दिसतं.

शेवटचा मुद्दा मात्र, नाइलाजाने म्हणतो, अर्धा खरा आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मी काढून वाचला. कलम 24 मध्ये सरकारने करायच्या योजनांची यादी आहे आणि तिच्यात ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्ता स्पष्ट लिहिलाय. पण त्याच कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही पाचरही मारून ठेवली आहे. कलम असलं म्हणजे खात्यात पैसे पडत नाहीत, त्यासाठी राज्याची योजना लागते. केरळात ‘आश्वासकिरणम्’ आहे, अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी. रक्कम? महिन्याला 600 रुपये. पणजीत दिव्यांगांसाठी पर्पल फेस्ट हा महोत्सव भरवणाऱ्या आपल्या सरकारला याहून बरा आकडा विचारायला हरकत नाही. त्यासाठी आधी आतोबांचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं, मग जास्त आधाराची गरज आहे म्हणून कलम 38 खाली अर्ज. कागद मी जमवतोय.

आत्याने उशीखालचे दीड हजार काढून पाकिटात घातले. संध्याकाळी बाईने पाकीट घेतलं, न मोजता पिशवीत टाकलं आणि म्हणाली, ‘भाऊंना सातला परत वळवा हां, मी आज लवकरची बस धरते.’