मीटरपेक्षा झाकणं उघडा
जुनी गाडी घेताना काय बघावं यावरच्या लेखात मीटर रीडिंगवर (गाडी किती किमी चालली यावर) भर आहे, पण मीटर मागे फिरवता येतं. सर्व्हिस रेकॉर्डमधल्या नोंदींशी ताडून पाहा. गाडी बघायला सकाळीच जा, बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीय. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, इंजिनातली व्हॉल्व्ह सील नाहीतर पिस्टन रिंग झिजलीय. ऑइलच्या झाकणाखाली ताकाच्या साक्यासारखा पांढरट थर दिसला तर कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकीही बघा (इंजिन थंड असतानाच!). तिथे तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट (ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं इंजिनातलं सील) गेल्याचा संशय, सरळ परत फिरा. नाशिकमध्ये मुंबई-आग्रा हायवेच्या उड्डाणपुलावर चढताना चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटरवर पाय दाबा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढतो आणि वेग तिथेच, म्हणजे क्लचप्लेट संपली. एमएच १५, म्हणजे इथलंच नाशिकचं पासिंग असलं तरी आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेच्या कर्जाचा बोजा तपासा.