अडीचशे रुपयांत चांदी येत नाही हो!

सीझन सुरू झाला की रोज कोणीतरी येतं, गोव्यातल्या माझ्या स्टॉलवरचं, समुद्रात झिजलेली काच चांदीत बसवलेलं पेंडंट उचलतं, उलटसुलट करून बघतं आणि म्हणतं, "पुढच्या स्टॉलवर सेम टू सेम अडीचशेला आहे." सेम टू सेम नाहीये!! काच वेगळी, धातू वेगळा, काम वेगळं. हे सांगून सांगून घसा बसलाय माझा, म्हणून आज सगळं एकदाच लिहून काढतेय. लांब होणार आहे, ज्याला वाचायचंय त्याने वाचा.

आधी चांदीचं, कारण तो हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेली आणि ऑक्टोबरात दीड लाखही पार झाली. किलोला दीड लाख म्हणजे ग्रॅमला दीडशे. माझ्या मध्यम साइजच्या पेंडंटला कोंदणाची पट्टी, मागचा पत्रा आणि वरची कडी मिळून पाच ग्रॅम धरा. ९२५ ची चांदी म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं, तरी नुसत्या धातूचेच सातशेच्या आसपास जातात. यात कानस मारताना उडालेला चुरा नाही, गॅस नाही, डाग (चांदीचे तुकडे जोडायचा झाळ) नाही, पॉलिश नाही, स्टॉलचं भाडं नाही आणि माझी मजुरी तर अजून धरलेलीच नाही. मग तो पुढचा माणूस अडीचशेला "प्युअर सिल्व्हर" कुठून देतो? अडीचशेत त्या भावाने दोन ग्रॅमसुद्धा चांदी येत नाही, आणि त्याचं पेंडंट माझ्यापेक्षा जाड आणि जड आहे. कोणीच विचारत नाही का हे स्वतःला?

ते जर्मन सिल्व्हर आहे. तांबं, जस्त आणि निकेल, चांदी शून्य. आता जर्मन सिल्व्हर विकण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ऑक्सिडाइज्ड झुमके मी पण घालते, छान दिसतात. पण मग सांगून विका ना! "हे जर्मन सिल्व्हर आहे, दोनशे रुपये" एवढं म्हणायला तोंड का दुखतं? "चांदी आहे मॅडम, गॅरंटी" कशाला म्हणायचं? निकेल सगळ्यांच्या कातडीला चालत नाही. मागच्या सीझनला एक पुण्याची मुलगी आली, दोन्ही कानांच्या पाळ्या लाल, सुजलेल्या, पाणी येत होतं, आणि येऊन मलाच म्हणते की गोव्याची चांदी सगळी फसवी असते. तिने घेतलेलं दुसरीकडून, पण शिव्या कोणाला, तर आम्हाला सगळ्यांनाच. तिचं चुकलं असंही म्हणवत नाही, बिचारीला "चांदी" सांगूनच विकलं होतं.

आणि ते लोहचुंबक घेऊन येणारे! कुठल्यातरी रीलमध्ये बघतात की चांदी चुंबकाला चिकटत नाही, मग फ्रिजवरचा मॅग्नेट खिशात घालून बाजारात फिरतात. अहो, चांदी चिकटत नाही हे खरंच आहे, पण तांबं पण चिकटत नाही, जस्त पण चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हर पण सहसा चिकटत नाही. त्यामुळे खोटा माल तुमच्या टेस्टमध्ये आरामात पास होतो आणि तुम्ही खूश होऊन घरी जाता. ९२५ चा शिक्का बघितला म्हणता, तर तो पंच बाजारात कोणालाही विकत मिळतो, कशावरही मारता येतो. सोन्याला २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. चांदीला २०२५ च्या सप्टेंबरपासून एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख नंबर) असलेला हॉलमार्क आणला, पण तो ऐच्छिक ठेवला. ऐच्छिक म्हटल्यावर ज्याला खोटं विकायचंय तो कशाला जाईल केंद्रावर? चांदीलाही सक्ती करा, आम्हाला थोडा त्रास होईल, खर्च होईल, चालेल, पण हे तरी बंद होईल.

अजून एक. दमट समुद्री हवेत खरी चांदी काळवंडते. हवेतल्या गंधकाने वर सल्फाइडचा थर चढतो, तो चांदीचा गुणच आहे, रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रश फिरवला की निघतो. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगते, वर चिठ्ठीपण देते. तरी चार महिन्यांनी मेसेज येतो, "काळं पडलं, तुम्ही फसवलं". आणि ज्याने स्टीलच्या तारेत काच गुंडाळून "चांदी" म्हणून दिली त्याचं चकाचक राहतं, म्हणून तो खरा! ह्याचा मला इतका राग येतो की त्या दिवशी कामच होत नाही.

आता काचेचं. समुद्रात पडलेली बाटली फुटते, तिचे तुकडे वाळूवर आणि खडकांवर घासत राहतात, आणि त्याच वेळी खारं पाणी काचेतला सोडा आणि चुना हळूहळू बाहेर ओढत असतं. दोन्ही मिळून तो धुकट पृष्ठभाग तयार होतो. ह्याला निदान वीस-तीस वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. भिंगाखाली धरलं की बारीक बारीक खड्डे आणि चंद्रकोरीसारख्या खुणा दिसतात, एक सारखी दुसरी नसते. आपल्याकडे लांबच लांब वाळूच्या किनाऱ्यावर काही सापडत नाही, खडकाळ टोकाला जावं लागतं, वागातोरच्या बाजूला किंवा खाली काब द रामच्या खडकांत, तेही पुनवेच्या नाहीतर अमावास्येच्या ओहोटीला, पाणी जास्तीत जास्त मागे गेलं की. पावसाळ्यानंतर चांगलं मिळतं कारण समुद्राने सगळं ढवळून काढलेलं असतं. जास्त करून मिळते ती तपकिरी आणि हिरवी बियरची, आणि पांढरी. गोटी सोड्याच्या बाटलीची फिकट निळसर हिरवी मिळाली तर दिवस चांगला. फेणीच्या जुन्या गराफांवाचा, म्हणजे मोठ्या पोटाच्या बाटलीचा, जाड हिरवा तुकडा मिळाला तर मी तो महिनाभर विकायला काढत नाही, नुसता बघत बसते. गडद निळी म्हणजे जुन्या औषधाच्या बाटल्यांची, क्वचित. लाल तर माझ्या डबीत बोटांवर मोजण्याइतकी. ज्या तुकड्यांना अजून धार आहे, चमक आहे ते मी पिशवीत भरून कचऱ्यात टाकते, कारण त्यावर कोणाचा तरी पाय पडेल.

आणि ते स्टॉलवाले काय विकतात? नव्या बाटल्या फोडून ड्रममध्ये काच घासणारी खरखरीत पूड घालून चार-पाच दिवस फिरवलेल्या, नाहीतर सरळ ॲसिडात बुडवलेल्या. सगळे तुकडे एकाच जाडीचे, एकसारखे गुळगुळीत, हवा तो रंग, लाल म्हणाल तर लाल, निळा म्हणाल तर किलोभर निळा. काच धुकट करायचं ते हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीतून आत शिरतं, शरीरातल्या कॅल्शियमला धरतं, हाडापर्यंत जातं. ते कोण कुठल्या शेडमध्ये हाताळतंय, त्याच्या हातात धड ग्लोव्ह्ज आहेत की नाहीत, हे कोणाला माहीत! आणि वर कार्डावर छापलेलं असतं, गोव्याच्या समुद्रातून वेचलेलं. ह्या एका ओळीवर माझं डोकं सर्वात जास्त फिरतं. मी भर उन्हात खडकांवर वाकून वाकून कंबर मोडून घेते आणि हे लोक गोण्याने माल उतरवून घेतात आणि माझंच वाक्य छापतात.

मग गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "कानातल्याला दोन्ही एकसारखे द्या ना, हे थोडे वेगळे दिसतायत". दिसणारच! समुद्र जोडी करून देत नाही. एक बऱ्यापैकी जुळणारी जोडी जमायला कधी कधी अख्खा सीझन जातो. परवा एक काका तर म्हणाले, "एवढं काय त्यात, बाटल्या फोडून टाका की पाण्यात, तुम्हालाच माल मिळेल". मी म्हटलं, काका, किनाऱ्यावर बाटली फोडली तर गोव्यात दंड आहे, आणि तुम्ही फोडायला सांगताय? इथली पोरं अनवाणी धावतात त्या वाळूवर, रापणकार अनवाणी जाळं ओढतात. तुटकी बाटली पायात घुसली की काय होतं ते आमच्या गावात विचारा.

शिकण्याचं पण सांगते, कारण "तार गुंडाळायची, त्यात काय" असं पण ऐकलंय मी. म्हापशात एक म्हातारे शेट, म्हणजे सोनार, आहेत, मी त्यांना शेटमाम म्हणते, त्यांच्याकडे बसून शिकले. पहिले कित्येक महिने त्यांनी मला चांदीला हात लावू दिला नाही, तांब्याच्या पट्टीवर डाग लावायचा, उतरवायचा, परत लावायचा. मी चुळबुळ केली की एकच, "बाये, मातशें राव", म्हणजे बाई, जरा थांब. आता कळतं का ते. हार्ड डाग वितळतो साडेसातशे अंशाच्या आसपास आणि ९२५ ची चांदी आठशेच्या पुढे स्वतःच वितळायला लागते, मधल्या तेवढ्या फटीत काम उरकायचं, तेही डोळ्याने, आगीचा रंग बघून. टाकणखार (डाग वाहायला लावतात तो क्षार) नीट लागला नसेल तर डाग धावतच नाही. ज्योत एका जागी जरा जास्त राहिली तर कोंदणाची पातळ पट्टी कोसळून गोळा होते, सगळं काम गेलं, चांदी परत मुशीत. झालं की तुरटीच्या पाण्यात उकळा, काळपट थर काढा, कानस, पॉलिश पेपर, मग पॉलिश. आणि काच सगळ्यात शेवटी, कारण काचेला ज्योत लागली की तडकली. कोंदणाची कड हळूहळू चारी बाजूंनी दाबत काचेवर बसवायची, काचेचा आकार वेडावाकडा, म्हणून प्रत्येक कोंदण नवीन मापाचं, साचा वगैरे काही चालत नाही. भोक पाडायचं असेल तर हिऱ्याच्या ड्रिल बिटने, पाण्याखाली, अगदी सावकाश, आणि पलीकडून बिट बाहेर येताना शेवटच्या क्षणी तुकडा फुटतो. तीस वर्षांचा तुकडा. तेव्हा रडू येतं, खरंच येतं.

आणि हल्ली ती वीकेंड वर्कशॉप्स निघालीत. दोन दिवस, भरपूर फी, "सी ग्लास सिल्व्हर ज्वेलरी आर्टिस्ट" असं सर्टिफिकेट. दोन दिवसांत शिकवतात काय तर वर नुसता मुलामा दिलेले रेडिमेड कप आणि इपॉक्सी गोंद, काच चिकटवायची, झालं. ज्योत पेटवत पण नाहीत! मग ती पोरं हौसेने पैसे घालतात, स्टॉल लावतात, चार महिन्यांनी काच सुटून पडते, गिऱ्हाईक भांडतं, पोरं बंद करतात. पोरांचा दोष नाही त्यात, त्यांना कोणी शेटकडे बसवलंच नाही. शेटमामच्या स्वतःच्या मुलांनी हा धंदा घेतला नाही, त्या आळीत हाताने डाग लावणारे आता किती उरलेत विचारा. पाचशे रुपयांसाठी घासाघीस करता तेव्हा तुम्ही त्या माणसाच्या हाताशी घासाघीस करताय, एवढं तरी कळू द्या.

ह्या वर्षी मी जिथे स्टॉल लावते तिथल्या आयोजकांना जाऊन भेटले. फार काही मागितलं नाही. प्रत्येक ज्वेलरी स्टॉलवर एक पाटी सक्तीची करा, धातू कोणता आणि काच समुद्रातली की मशीनची, बस. खोटं लिहिलं तर स्टॉल काढा. मला म्हणाले, मॅडम, आम्ही जागेचं भाडं घेतो, माल तपासणं आमचं काम नाही, तरी सीझन संपला की बघू. सीझन संपला की कोणाला दाखवणार ती पाटी, पावसाला? मी माझी पाटी लावलीये, चांदी ९२५, वजन ग्रॅममध्ये, त्या दिवशीचा भाव, मजुरी वेगळी, काच कुठल्या किनाऱ्याची. शेजारचा स्टॉलवाला आता म्हणतो की माझ्या पाटीमुळे त्याचं गिऱ्हाईक तुटतं, ती काढा म्हणून त्याने आयोजकांकडे तक्रार केलीये, आणि आयोजकांचा मला काल फोन आला. पाटी मी काढणार नाहीये.