सोड्याचा ज्वालामुखी जरूर करा, पण शंकूपाशी थांबू नका

शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शन भरलं की एक तरी ज्वालामुखी असतोच. पुठ्ठ्यावर शाडूचा डोंगर, पोटात प्लास्टिकची बाटली, बाटलीत खायचा सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. वरून लाल रंगाचं व्हिनेगर ओतलं की फसफसत फेस उतारावरून खाली येतो आणि भोवतीची पोरं ओरडतात. मला हा प्रयोग मनापासून आवडतो. घरातल्या डब्यांमधून इतकं थेट रसायनशास्त्र क्वचितच बाहेर पडतं.

तक्रार आहे ती पुढच्या भागाबद्दल. डोंगरामागे तक्ता असतो, त्यावर मॅग्मा, लाव्हा, मुख अशी नावं असतात, मूल ती पाठ म्हणून दाखवतं आणि परीक्षक पुढच्या टेबलाकडे जातात. बाटलीत जे घडलं त्याचा तक्त्याशी काय संबंध, हे कोणी विचारत नाही.

बाटलीत घडतं ते असं. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, व्हिनेगरमध्ये असतं अ‍ॅसिटिक आम्ल. दोन्ही भेटले की कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि सोडियम अ‍ॅसिटेट तयार होतं. ५ ग्रॅम सोडा पूर्ण वापरला जायला ४ टक्क्यांचं व्हिनेगर सुमारे ९० मिली लागतं, आणि त्यातून जवळजवळ दीड लिटर वायू सुटतो. म्हणून तर एवढ्याशा बाटलीतून एवढा फेस! मुलांना हे मोजू द्या. निम्मं व्हिनेगर घातलं तर तळाशी सोडा उरतो का, लिंबाच्या रसाने काय होतं, व्हिनेगर कोमट केलं तर वेग वाढतो का, हे त्यांचं त्यांना शोधू द्या. आणि थर्मामीटर जरूर लावा. हे मिश्रण गार होतं. लाव्हा म्हणून दाखवलेला फेस हाताला थंड लागतो, यापेक्षा चांगला प्रश्न प्रदर्शनात कुठून मिळणार?

कारण खऱ्या ज्वालामुखीत आम्ल आणि सोडा नसतो. खोलवरच्या वितळलेल्या खडकात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड दाबाखाली विरघळलेले असतात. मॅग्मा वर येतो तसा दाब कमी होतो आणि वायूचे बुडबुडे सुटतात, सोडावॉटरच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर सुटतात तसे. म्हणजे वायूने द्रव वर ढकलणं, एवढा धागा आपल्या बाटलीत खरा आहे. तोच मुलांच्या हातात द्यायला हवा.

एक मात्र कळकळीने सांगते. अमोनियम डायक्रोमेट पेटवून नारिंगी ठिणग्यांचा ज्वालामुखी करायची हौस अजून काही ठिकाणी आहे. ते करू नका. त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरू शकतं आणि त्याची धूळ मुलांच्या नाकातोंडात जाते. सोडा-व्हिनेगरला तोड नाही ती इथे.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. महाराष्ट्रातली मुलं जपानच्या फुजीसारखा शंकू करतात, आणि त्यांच्यातली बहुतेक जण ज्या जमिनीवर उभी असतात ती स्वतःच लाव्हा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा, रस थरावर थर पसरत गेला. आज उरलेलं दख्खनचं पठारच जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर आहे. वेरूळचं कैलास लेणं याच दगडात कोरलंय, कळसूबाई याच थरांची, अंधेरीची गिल्बर्ट हिल म्हणजे याच रसाचे थंड होऊन उभे राहिलेले खांब. (लोणार मात्र यात धरू नका. ते ज्वालामुखीचं मुख नाही, बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेला खड्डा आहे.)

आणि बुडबुडे? तेही इथेच आहेत. विहीर खणताना निघालेला काळा दगड बघा, बऱ्याचदा त्याला भोकं असतात. लाव्हा गोठताना अडकलेल्या वायूच्या त्या जागा. पुढे त्यांतल्या कित्येक पोकळ्यांत पाण्यातून खनिजं बसली आणि स्फटिक तयार झाले. जळगाव, नाशिक, पुण्याकडच्या खाणींमधले झिओलाइट नावाचे असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. बाटलीतल्या फेसाशेजारी असा एक दगड ठेवला तर तक्त्याची गरजच उरणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी की यंदा शंकूऐवजी भेग करा. मोठ्या ताटात पन्हळीसारखा उभा चिरलेला पाइप ठेवा, त्यात सोड्याची ओळ घाला, वर लांब फट सोडून शाडूने झाका आणि फटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हिनेगर ओता. फेस दोन्ही बाजूंना सपाट पसरतो. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी इथे अशीच भेग आठ महिने ओकत होती. तिची लांबी सुमारे २७ किलोमीटर होती. मग प्रत्येक उद्रेकानंतर वेगळ्या रंगाच्या शाडूचा पातळ थर द्या. वाळल्यावर सुरीने कड कापली की सह्याद्रीच्या पायऱ्या दिसतात. घाटातल्या कापलेल्या कड्यांत काळ्या थरांमध्ये लाल पट्टी असते ना, तीही दाखवता येते. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरच्या दगडाची झीज होऊन झालेला तो थर.

तुमच्यापैकी जे शिक्षक किंवा परीक्षक आहेत, त्यांनी या वर्षी ज्वालामुखीच्या टेबलापाशी थोडं जास्त थांबा. थर्मामीटर सोबत न्या.