चाकांविषयी काहीच ठरले नव्हते

पोळ्याच्या आदल्या दिवशी, सायंकाळी सहाच्या सुमारास, नागपूरच्या इतवारीतील लाकडी बैलांच्या एका दुकानासमोर माझे साडेचार वर्षांचे चिरंजीव सिमेंटच्या रस्त्यावर उताणे पडून टाचा आपटत होते आणि मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकून, शक्य तितक्या मृदू आवाजात, "तुला खूप राग आला आहे, हो ना?" असे विचारीत होतो. वाद साधाच होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल मिरवतात, त्या तान्ह्या पोळ्यासाठी मी अडीचशे रुपयांचा, वीतभर उंचीचा, बिनचाकांचा बैल निवडला होता. चिरंजीवांनी एकवीसशे रुपयांचा, दीड हात उंचीचा, घुंगरमाळ घातलेला आणि चाकांवर चालणारा बैल निवडला होता.

एरवी अशा प्रसंगी मी काय केले असते, हे माझ्या लहानपणावरून सहज सांगता येते. परंतु महिनाभरापूर्वीच चिरंजीवांच्या बालवाडीत पालकांचे शिबिर झाले होते आणि तिथे समुपदेशक बाईंनी आम्हाला शिकवले होते की, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे, त्याच्या भावनेला नाव द्यावे, भावना मान्य करावी पण वागणुकीची मर्यादा ठामपणे सांगावी आणि शेवटी त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवावेत. मूल आडवे पडले असेल तर डोळ्यांची पातळी नेमकी कुठे मोजायची, हे मात्र कोणी विचारले नाही आणि बाईंनीही सांगितले नाही.

"हो, आला आहे," चिरंजीव म्हणाले, आणि रागाची अशी नावानिशी ओळख पटल्यामुळे तो दुप्पट जोमाने प्रकट झाला. मी पर्यायांकडे वळलो. "लाल झुलीचा घ्यायचा की हिरव्या झुलीचा?" चिरंजीवांनी दोन्ही बैलांकडे नीट पाहिले, क्षणभर विचार केला आणि बोट तिसऱ्याकडे दाखवले.

आवेग आवरण्याचे काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो आणि तो पुरता पिकायला साधारण पंचविशी उजाडते, हेही मला शिबिरातच कळले होते. म्हणजे अजून साडेवीस वर्षे धीर धरायचा होता. दुकानदाराला तेवढी सवड नव्हती. "भाऊ, पोराले उचला न जी, गिऱ्हाईक अडून राह्यलं," तो म्हणाला. मी अडीचशे रुपये दिले, एका काखेत बैल घेतला, दुसऱ्या काखेत चिरंजीव घेतले, आणि गांधीबागेपर्यंत लोक आम्हा तिघांकडे पाहत राहिले.

खरी अडचण चिरंजीवांच्या मेंदूत नसून आमच्या घरात आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. हट्ट पुरवणे थांबवले की तो आधी वाढतो, दिवा विझण्यापूर्वी मोठा होतो तसा, आणि त्या वेळी टिकून राहिले तरच तो हळूहळू ओसरतो. उलट कधी नकार आणि कधी होकार मिळत गेला, तर हट्टाची मुळे सर्वांत खोल जातात. स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या पिंजऱ्यातील कबुतरे दाणा केव्हा पडेल याचा नेम नसला की चोची मारीतच राहत. हे सर्व मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे मी दाना टाकून राह्यलो, असंच न?" त्या संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी फ्रिजवर नियमांचा कागद चिकटवला: रात्री आठनंतर मोबाईल नाही, जेवणाआधी गोड नाही. रात्री सव्वाआठ वाजता आबांच्या खोलीतून कार्टूनचा आवाज आला; दार उघडले तेव्हा मोबाईल आबांच्या हातात होता आणि चिरंजीव केवळ त्यांच्या मांडीवर बसलेले होते. नियमाचा भंग झाला असे म्हणणे कठीण होते.

संयमाची परीक्षाही मी घेऊन पाहिली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७०च्या सुमारास वॉल्टर मिशेल यांनी बालवाडीच्या मुलांपुढे खाऊ ठेवून, पंधरा मिनिटे थांबलास तर दुप्पट मिळेल, असे सांगितले होते. मी संत्रा बर्फीचा एक तुकडा ताटलीत ठेवला, तीच अट घातली आणि दाराआड उभा राहिलो. चिरंजीवांनी बर्फीला हातही लावला नाही. माझा ऊर भरून आला. मग ते उठले, स्वयंपाकघरात आजीकडे गेले, तिच्याकडून दोन तुकडे घेऊन परत आले आणि ते खाऊन झाल्यावर ताटलीतल्या तुकड्यापुढे पुन्हा मांडी घालून बसले. पुढे २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की, घरची परिस्थिती जमेस धरली की अशा थांबण्यावरून मुलाच्या भवितव्याचा फारसा अंदाज करता येत नाही. आमच्या घरच्या परिस्थितीला आजी म्हणतात.

तर बैल घरी आला. चिरंजीवांनी तो पाटावर उलटा ठेवला आणि पोळ्याचा अख्खा दिवस त्याच्याशी अबोला धरला. मी नकार बदलला नाही, ओरडलो नाही, लाचही दिली नाही. पुरणपोळीसुद्धा लाच वाटू नये अशा बेताने वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत, म्हणजे गावाच्या पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. १८८५पासून निघणाऱ्या पिवळ्या मारबतीपुढे सारे नागपूर आपापल्या पीडा हाका मारून देऊन टाकते; मीही गर्दीत उभा राहून "हट्ट घेऊन जा गे मारबत!" असे मनापासून ओरडलो. माझ्या खांद्यावर बसलेले चिरंजीव माझ्याहून मोठ्याने ओरडले, "बाबांना घेऊन जा!" भावनेला नाव द्यायला त्यांना आता येऊ लागले होते.

तान्हा पोळा सायंकाळी पाचला भरणार होता. तीनच्या सुमारास मागच्या अंगणातून ठोकाठोकीचा आवाज आला म्हणून मी गेलो, तर आबा जुन्या बाबागाडीची चार चाके काढून बैलाच्या पाटाखाली बसवीत होते. मी शिबिरातल्या ठाम पण मृदू आवाजात म्हणालो, "आबा, नाही म्हटल्यावर ते नाहीच राहायला पाहिजे, असे आपले ठरले होते."

"मोठा बैल नाही, असं ठरलं होतं," आबा मान वर न करता म्हणाले. "चाकाचं कुठी ठरलं होतं?"

मी आठवून पाहिले. चाकांविषयी खरोखरच काही ठरलेले नव्हते. आभाळ भरून आल्यामुळे अंगणात उजेड कमी होता आणि आबांना चौथ्या चाकाचे भोक दिसत नव्हते. मी मोबाईलचा टॉर्च लावून धरला.

"इकडं धर न बे, नीट," आबा म्हणाले, "आन् तो स्क्रू दे."